हातात किती?

अण्णांची बोटं मशीनला वाचता येत नाहीत. उजवा अंगठा झाला, डावा झाला, तर्जनी, मधलं बोट, करंगळीसुद्धा झाली. दर वेळी त्या काडेपेटीएवढ्या यंत्राचा लाल दिवा लागतो, विझतो आणि लॅपटॉपवर तेच येतं, जुळलं नाही. अण्णा बोट रुमालानं पुसतात, पँटवर घासतात, पुन्हा ठेवतात. तेहतीस वर्षं सरफेस ग्राइंडरवर, म्हणजे लोखंड घासून गुळगुळीत करायच्या मशीनवर, काढलेला माणूस. चकवरून जॉब, म्हणजे घासलेला तुकडा, उचलायचा, कूलंट पुसायचं आणि आधी बोटाचं टोक फिरवून फिनिश बघायचं, मायक्रोमीटर नंतर. त्या बोटांवरच्या रेषा कधीच गेल्या. "जॉबपेक्षा बोटांना फिनिश भारी आलंय," असं तेच म्हणाले आणि हसले. आम्ही लगेच हसलो नाही, कारण तेवढ्यात निम्म्या जणांनी गुपचूप आपापला अंगठा बघून घेतला होता.

नोव्हेंबर लागला की आमच्या युनियन ऑफिसात हे चालू होतं. रिटायर झालेले हयातीचा दाखला द्यायला येतात. आमच्या पेन्शनला हा दाखला वर्षात कधीही दिला तरी चालतो, दिल्या तारखेपासून वर्षभर धरतात, हे मी दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी सगळे नोव्हेंबरातच येतात. चहा होतो, गप्पा होतात, कोण गेलं कोण राहिलं याची हजेरी लागते. मी कमिटीवर आहे आणि मला लॅपटॉप कळतो असा एक समज आहे, म्हणून हे काम माझ्याकडे. माझं स्वतःचं रिटायरमेंट दीड वर्षावर आलंय. त्यामुळे हल्ली दुसऱ्याचा दाखला भरताना माझं लक्ष आकड्यांवर जास्त असतं.

कंपनीचं नाव लिहीत नाही. भोसरी एमआयडीसीत अशा पत्र्याच्या शेड पुष्कळ आहेत, त्यातली एक समजा.

अण्णांना महिन्याला १,५३९ रुपये पेन्शन मिळते. २००७ साली ते रिटायर झाले तेव्हाही हिशेब १,५३९ चाच होता. पण घरात मुलीचं लग्न ठरलेलं. तेव्हा पेन्शनचा तिसरा हिस्सा विकता यायचा, विकलेल्या रकमेच्या शंभरपट रोख मिळायची. अण्णांनी ५१३ रुपये विकले आणि ५१,३०० हातात घेतले. खाली राहिले १,०२६. शंभर महिने म्हणजे आठ वर्षं चार महिने. तेवढ्यात घेतलेली मुद्दल फिटली, पण कपात काही थांबली नाही. पेन्शन विकायची सोय २००८ च्या सप्टेंबरात बंद झाली, आणि ज्यांनी आधीच विकली होती त्यांना पंधरा वर्षांनी पूर्ण पेन्शन परत द्यायचं सरकारनं २०२० मध्ये मान्य केलं. म्हणून २०२२ पासून अण्णा पुन्हा १,५३९ वर आले. जिथून निघाले तिथेच. या पेन्शनला महागाई भत्ता नाही, त्यामुळे २००७ चा आकडा तसाच्या तसा बरणीत घातल्यासारखा टिकून आहे. आतला माल तेवढा आटलाय.

बाहेरच्या माणसाला वाटतं, कारखान्यातला माणूस, एवढी मोठी युनियन, म्हणजे कंपनीची पेन्शन असणार. कंपनीची नसते. आमची ती पंच्याण्णवची पेन्शन, १६ नोव्हेंबर १९९५ ला सुरू झालेली. पीएफमध्ये कंपनी जे बारा टक्के भरते त्यातले ८.३३ टक्के या पेन्शन फंडात जातात आणि सरकार आपले १.१६ टक्के घालतं. पण पगार कितीही असो, ही टक्केवारी काढायची ती मर्यादेवर. सुरुवातीला मर्यादा ५,००० होती, २००१ पासून ६,५००, आणि १ सप्टेंबर २०१४ पासून १५,०००. म्हणजे साठ हजारवाल्याच्या नावानंही महिन्याला साडेबाराशेच जमा होतात. पेन्शन काढायची तर पगार गुणिले नोकरीची वर्षं भागिले सत्तर. हा सत्तरचा भागाकार आमच्या शॉपवर पाढ्यासारखा पाठ आहे. अठ्ठावन्न जवळ आलेला माणूस कॅन्टीनमध्ये एकटाच बसून ओठ हलवत असला तर तो नामस्मरण करत नसतो, सत्तरनं भागत असतो.

मीही भागलं. जॉबकार्डाच्या पाठीमागे, पेन्सिलीनं. जानेवारी १९९६ ला मी परमनंट झालो. ऑगस्ट २०१४ पर्यंतच्या नोकरीला ६,५०० ची मर्यादा, पुढच्या नोकरीला १५,००० ची. वीस वर्षांच्या वर नोकरी झाली म्हणून दोन वर्षं वरून मिळतात. सगळं मिळून पावणेपाच हजाराच्या आसपास बसतं. दोनदा ताळा करून बघितला. घरी येऊन बायकोला सांगितलं, "पावणेपाच हजार बसते."

ती कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "आठवड्याला?"

१९९६ च्या आधीचीही माझी सहा वर्षं आहेत, पण ती कुठेच नाहीत. आयटीआय करून बाहेर पडलो तेव्हा भोसरी-चिंचवडला टेम्पररीवर ठेवायचे, तेही सात-सात महिने. २४० दिवस भरले तर कायम करायची भानगड, म्हणून सातव्या महिन्यात ब्रेक. ब्रेक मिळाला की दुसऱ्या गेटवर जायचं. प्रत्येक ठिकाणी थोडा पीएफ कापला जायचा आणि सुटल्यावर फॉर्म भरून तो काढून घ्यायचा. एकदा त्या पैशात सायकल आली, एकदा गावाकडच्या घरावर पत्रे पडले. माझ्या मागून आलेल्या पोरांनीही तेच केलं, त्यांच्या फॉर्मला फक्त नंबर जास्त झाले: एकोणीस नंबर आणि टेन-सी. टेन-सी भरून पैसे काढले की पेन्शनमधली तेवढी नोकरी पुसली जाते. आणि दहा वर्षं भरल्याशिवाय पेन्शन बसत नाही. कितीजणांची तीन-तीन, चार-चार वर्षं अशी सुट्ट्या पैशांसारखी खर्च होऊन गेली. कोणी सांगितलं नाही असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. खरं सांगायचं तर सांगितलं असतं तरी आम्ही काढलेच असते.

मला वाटतं आमच्या सगळ्या काळजीचं मूळ तिथे आहे, आणि युनियनवाला असून हे लिहितोय म्हणून काहीजण माझ्यावर रागावतील. सरकारनं मर्यादा वाढवली नाही, मालकांनी पगाराचे तुकडे केले, हे सगळं खरंच आहे. पण तीस वर्षांत किमान चार करारांना मी जवळून होतो, आणि एकाही करारात म्हातारपणाचा विषय आम्ही शेवटपर्यंत लावून धरला नाही.

२००६ चा करार मला स्वच्छ आठवतो. आमचे तेव्हाचे जनरल सेक्रेटरी हजेरी घेतल्यासारखं बोलायचे म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. स्टाफला सुपरॲन्युएशन होतं. कंपनी त्यांच्या बेसिकच्या पंधरा टक्के वेगळ्या ट्रस्टमध्ये भरायची आणि रिटायर झाल्यावर त्या पैशातून एलआयसीची पेन्शन चालू व्हायची. कामगाराला ते नव्हतं. मास्तरांच्या डोक्यात आलं की यंदा आपणही मागू. वाढ २,६०० ची ठरत होती. त्यातले ५०० प्रत्येकाच्या नावानं ट्रस्टमध्ये टाकायचे, बाकी पगारात. गेटजवळच्या पत्र्याच्या बोर्डवर त्यांनी खडूनं गणित मांडलं. पहिली आणि दुसरी पाळी बदलायच्या वेळी गेट मीटिंग. त्यांनी सगळं समजावून सांगितलं, अगदी शाळेतल्यासारखं, आणि मागून कोणीतरी ओरडलं:

"मास्तर, ते राहू द्या. हातात किती?"

मग सगळ्या बाजूंनी तेच. हातात किती, हातात किती. मी तिसऱ्या रांगेत होतो. नुकताच चिखलीला वन बीएचके बुक केला होता, हप्ता सुरू झाला होता, वय सदतीस. मीही ओरडलो. ओरडलो म्हणजे चांगला मोठ्यानं ओरडलो, घोषणा द्यायची सवय होतीच. मास्तर थोडा वेळ थांबले. मग त्यांनी डस्टर शोधलं, ते सापडलं नाही, म्हणून हातानंच बोर्ड पुसला. पूर्ण पुसला गेला नाही. दुसऱ्या दिवशी त्या पांढुरक्या डागावर कोणीतरी नाइट अलाउन्सचा नवा रेट लिहिला होता.

तो करार २,६०० ला झाला, सगळे हातात. तेही बेसिकमध्ये थोडे आणि बाकी स्पेशल अलाउन्समध्ये, म्हणजे पीएफ लागू नये. मॅनेजमेंटनं कपट केलं असं पुढे आम्ही म्हणत राहिलो. पण बेसिकमध्ये घाला म्हटलं की आमचीच माणसं कुरकुरायची, मग पीएफ जास्त कापला जाईल म्हणून. सगळ्यांना सरसकट मिळणारे भत्ते पीएफसाठी पगारातच धरायचे असं सुप्रीम कोर्टानं २०१९ च्या फेब्रुवारीत सांगितलं, तेव्हा शॉपवर पेढे वाटले गेले नाहीत. लोक विचारत होते, आता कटिंग किती वाढणार?

परवा मी त्या ५०० चा हिशेब केला. २००६ पासून माझ्या रिटायरमेंटपर्यंत, आठ टक्के धरून, साधारण सव्वातीन लाख झाले असते. त्यावर जन्मभराची पेन्शन महिन्याला अठराशेच्या आसपास. म्हणजे मास्तरांचं ऐकलं असतं तर राजे झालो असतो असं काही नाही. पण पावणेपाचात अठराशे मिळवून बघा. मास्तर आता नाहीत, नाहीतर हा आकडा त्यांना दाखवला असता. त्यांनी त्यातही एखादी चूक काढली असती.

माणूस असा का वागतो, याचं उत्तर मला आमच्या चुलत्यांमध्ये सापडतं. ते लालबागला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉक्टर सामंतांच्या मागे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, त्यात तेही. पुढे एक लोखंडी पेटी, एक वळकटी आणि फंडाचे अर्धेमुर्धे पैसे घेऊन गावी आले आणि शेवटपर्यंत गिरणीकडून काहीतरी येणं आहे असं म्हणत राहिले. त्यांच्या पेटीत पिवळी पडलेली पगाराची पाकिटं होती, ती त्यांनी कोणाला टाकू दिली नाहीत. जो पैसा हातात नाही तो आपला नाही, हे आम्हाला कोणी शिकवलं नाही. ते आम्ही त्या पेटीत बघितलं.

गंमत म्हणजे त्याच वर्षी, १७ डिसेंबर १९८२ ला, सुप्रीम कोर्टानं नकारा खटल्यात निकाल दिला की पेन्शन ही कोणाची मेहेरबानी नाही, केलेल्या सेवेबद्दलचा तो हक्क आहे. सरकारी पेन्शनर तो दिवस अजून साजरा करतात. गिरण्यांच्या संपाला तेव्हा अकरा महिने होत आले होते.

आणि मागणी काही नवी नाही. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांनिशी. आठवड्याची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, वेळेवर पगार या मागण्या सगळ्यांना माहीत आहेत. शेवटची मात्र कोणी सांगत नाही: कामावर इजा होऊन माणूस जन्माचा निकामी झाला तर त्याच्या पोटापाण्याची सोय करावी. म्हणजे हात चालायचे थांबल्यावर पुढे काय, हा प्रश्न पहिल्याच अर्जात होता. रविवारची सुट्टी मिळायला सहा वर्षं लागली. त्या शेवटच्या मुद्द्यावर आम्ही अजून सत्तरनं भागतोय.

पंच्याण्णवच्या पेन्शनमध्ये एक खिडकी होती. १६ मार्च १९९६ ला योजनेत दुरुस्ती झाली की मालक आणि कामगार दोघांनी मिळून लिहून दिलं तर मर्यादा सोडून पूर्ण पगारावर पेन्शनचे पैसे भरता येतील. मी तेव्हा परमनंट होऊन अडीच महिने झाले होते. असं काही आलंय हे आम्हाला कळलंसुद्धा नाही. तीनच दिवस आधी ईडन गार्डनवर श्रीलंकेविरुद्धची सेमीफायनल अर्धवट थांबली होती आणि कांबळी रडत मैदानातून बाहेर आला होता. शॉपवर दुसरा विषय नव्हता. खिडकी उघडी होती, आमची पाठ तिकडे होती.

ती खिडकी पुढे कोर्टकचेऱ्यांत अडकली आणि ४ नोव्हेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टानं थोड्या दिवसांसाठी परत उघडली. खंडपीठावर सरन्यायाधीश उदय लळीत होते, त्यांच्या स्वतःच्या निवृत्तीला चार दिवस उरले होते. सप्टेंबर २०१४ ला नोकरीत असलेल्यांना चार महिन्यांत अर्ज करता येईल, असं ठरलं. मुदत वाढत वाढत ११ जुलै २०२३ पर्यंत गेली. त्या दिवसांत युनियन ऑफिसचा सायबर कॅफे झाला होता. जुन्या पगाराच्या स्लिपा, आधारवरचं नाव, पीएफवरचं नाव, एकीकडे बापाचं नाव पूर्ण, दुसरीकडे नुसतं अक्षर. रात्री अकरा-अकरापर्यंत बसून मी त्रेचाळीस जणांचे अर्ज भरले.

स्वतःचा भरला नाही.

हे मी आजवर फार कोणाला सांगितलेलं नाही. कंपनी आमचा पीएफ पूर्ण बेसिक-डीएवर भरत आली होती, त्यामुळे मी बसत होतो. अट एकच, इतक्या वर्षांत मर्यादेच्या वरचे जे ८.३३ टक्के माझ्या पीएफमध्ये पडले, ते व्याजासकट काढून पेन्शन फंडाला द्यायचे. माझे रिटायर होईपर्यंत साडेचार-पाच लाख होत होते. त्याबदल्यात पेन्शन पावणेपाचाची बारा हजाराच्या आसपास गेली असती. म्हणजे पाच-सहा वर्षांत वसूल, हे आज कळतं. तेव्हा पेन्शन नक्की कशी मोजणार हे ठाम सांगणारं कोणी नव्हतं. किती द्यायचे ते दिसत होतं, किती मिळणार ते दिसत नव्हतं. बायकोशी बोललो. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "तुमच्यानंतर मला किती?"

"निम्मी."

"आणि हे पाच लाख?"

ते परत मिळत नाहीत. पूर्वी भांडवल परत मिळायचा एक पर्याय होता, तोही २००८ मध्ये गेला. ती म्हणाली, "मग राहू द्या. माणूस गेला की पेन्शन निम्मी होते, बँकेतले पैसे निम्मे होत नाहीत."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही पूर्ण उत्तर नाही. पण प्रामाणिकपणे सांगायचं तर मी तिच्या बोलण्याच्या आड लपलो. ११ जुलैच्या रात्री लॅपटॉप समोर होता, माझा अर्ज अर्धा भरलेला होता, आणि माझ्या डोक्यात तिसऱ्या रांगेतून कोणीतरी ओरडत होतं. मी लॅपटॉप मिटला.

त्या त्रेचाळीस जणांपैकी काहींचे अर्ज परत आले, काही अजून वाट बघतायत, काहींना पैसे भरायचं पत्र आलं आणि पेन्शन सुरूही झाली. पॅकिंगमधला एकजण आता साडेअकरा हजार घेतो. रस्त्यात दिसला की गाडी थांबवून हात जोडतो, "साहेब, तुमच्यामुळे झालं." त्याला टाळायला मी एकदा चुकीच्या बसमध्ये चढलोय.

आता कोणी म्हणेल, खऱ्या अर्थानं कंपनीची पेन्शन असती तर? रात्रपाळीत वाचायची मला खोड आहे, म्हणून मला स्टुडबेकर ठाऊक आहे. अमेरिकेतली मोटारीची कंपनी. युनियननं भांडून पेन्शन मिळवली होती, कागदावर सगळं चोख. १९६३ च्या डिसेंबरात साउथ बेंडचा कारखाना बंद पडला तेव्हा फंडात पुरेसे पैसेच नव्हते. साठीच्या पुढच्यांना पूर्ण पेन्शन मिळाली, चाळिशी ते साठीतल्या बहुतेकांना रुपयाला पंधरा पैसे म्हणता येतील एवढंच, आणि चाळिशीच्या आतल्यांना काही नाही. त्या धक्क्यातून तिकडे १९७४ साली पेन्शनला संरक्षण देणारा कायदा आला. तेव्हा आमच्या पंच्याण्णवच्या योजनेला मी कितीही शिव्या घातल्या तरी एक गोष्ट मान्य करतो, आमची शेड उद्या चाकणला गेली किंवा पत्रे उतरवून तिथे टॉवर झाला, तरी अण्णांचे १,५३९ बंद होणार नाहीत. कमी आहेत, पण मालकाच्या दारात बांधलेले नाहीत.

अगदी अलीकडचं म्हणजे २०२४ मधला बोइंगचा संप. तेहतीस हजार मशिनिस्ट, त्रेपन्न दिवस बाहेर. २०१४ च्या करारात गोठवलेली पेन्शन परत द्या ही त्यांची मोठी मागणी होती. शेवटी चार वर्षांत अडतीस टक्के पगारवाढ मिळाली. पेन्शन मिळाली नाही. वाचलं तेव्हा मला हसू आलं आणि जरा बरंही वाटलं. तिकडेही शेवटी हातातलंच.

इकडे २०२३ च्या मार्चमध्ये सरकारी कर्मचारी 'एकच मिशन, जुनी पेन्शन' म्हणत संपावर गेले तेव्हा आमच्या कॅन्टीनमध्ये दोन गट पडले. एकजण म्हणाला, त्यांना एवढी मिळते तरी बोंब. दुसरा म्हणाला, त्यांना मिळाली तर आपल्यालाही मागता येईल. मी गप्प होतो. आमच्याकडे जुनी नव्हतीच, परत मागायची काय?

अण्णा मात्र गप्प बसणाऱ्यातले नाहीत. बुलढाण्याचे कमांडर अशोक राऊत यांनी पंच्याण्णववाल्यांची देशभर संघटना बांधली आहे. किमान ७,५०० आणि वर महागाई भत्ता ही मागणी. अण्णा एकदा त्यांच्याबरोबर दिल्लीला जंतरमंतरवर जाऊन आले, येताना पाय सुजवून घेऊन आले. त्यांना सगळा इतिहास तोंडपाठ आहे. २०१३ साली राज्यसभेची याचिका समिती होती, भगतसिंह कोश्यारी अध्यक्ष, तिनं किमान ३,००० द्या म्हणून सांगितलं. २०१४ ला सरकारनं किमान १,००० केले. हेच कोश्यारी पुढे २०१९ ला आपले राज्यपाल होऊन आले. अण्णा म्हणतात, "अहवाल लिहिणारा राजभवनापर्यंत पोचला, अहवाल नाही पोचला."

नव्या पोरांचं तर वेगळंच. १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा नोकरीला लागलेला आणि बेसिक-डीए पंधरा हजारांच्या वर असलेला कामगार या पेन्शनमध्ये येतच नाही. त्याचे सगळे पैसे पीएफमध्ये. म्हणजे आमच्या लाइनवर एकाच मशीनवर पहिल्या पाळीला पेन्शनवाला आणि दुसऱ्या पाळीला बिनपेन्शनवाला. त्याला विचारलं तर तो खूश आहे, फंड जास्त साठतो म्हणून. आणि कॉन्ट्रॅक्टवाल्या पोरांचा दर वर्षाला ठेकेदार बदलतो, त्यांच्या पीएफ खात्यांचे तुकडे जोडायलाच मला दोन रविवार लागतात. ती पोरं युनियनची मेंबर नाहीत. तरी रविवारी येतात, कारण त्यांना दुसरं दार नाही.

सध्या नव्या कराराचं मागणीपत्र तयार होतंय. आताचा सेक्रेटरी एकतीस वर्षांचा आहे, हुशार, एक्सेलवर सगळं करतो. चौतीस मागण्या आहेत. एकोणतिसावी मी घातली, सुपरॲन्युएशन, कंपनीनं दरमहा बेसिकच्या पाच टक्के भरावेत. त्यानं वाचलं, स्क्रीन माझ्याकडे वळवली आणि विचारलं, "काका, हे हातात कुठल्या कॉलममध्ये दाखवू?" चेष्टा नव्हती, त्याच्या तक्त्यात खरंच तसा कॉलम नव्हता. मी म्हटलं, नवा कॉलम कर. त्यानं केला. त्यात अजून आकडा भरलेला नाही.

तर अण्णा. दहाही बोटं झाल्यावर आम्ही फोनवरचं चेहऱ्याचं ॲप उघडलं. त्यात चेहरा गोलात धरायचा आणि डोळे मिचकवायचे. ट्यूबलाइटखाली चेहरा दिसेना, म्हणून त्यांना खिडकीपाशी उभं केलं. ॲप म्हणालं, डोळे मिचकवा. अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, ते डोळे घट्ट मिटून तसेच उभे राहिले, फोटोआधी झोप लागल्यासारखे. "अण्णा, उघडा!" चार जण ओरडले. त्यांनी उघडले, परत मिटले, मग एकच डोळा मिटला आणि समोरच्या मुलाकडे बघून हसले. त्यातलं नक्की काय मशीनला पटलं माहीत नाही, पण हिरवी खूण आली. अण्णा जिवंत आहेत हे वर्षभरासाठी ठरलं.

ते खुर्चीत बसले, चष्मा पुसला आणि मला म्हणाले, "तुझं कधी रे?"

"दीड वर्ष."

"किती बसते?"

"पावणेपाच."

अण्णांनी माझ्याकडे नीट बघितलं. कोपऱ्यात किटली घेऊन उभ्या असलेल्या पोराला हाक मारली, सगळ्यांकडे बोट फिरवून कप मोजले, अकरा भरले.

"याच्याकडून घे रे पैसे," ते म्हणाले. "हा माझ्या तिप्पट आहे."